बसल्या जागी अठरा हजार पावलं

मी एकदा मनावर घेतलं की संपलं! सांधेदुखी बरी करायची असं मी ठरवलं, त्या दिवशी मला त्या सांधेदुखीचीच दया आली. नऊ वर्षं ती बिचारी माझ्या हाडांत बिनधास्त राहत होती, आणि आता गाठ माझ्याशी पडणार होती!

मी शिंपी. लोक मला टेलर मास्तर म्हणतात. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. पुढच्या खोलीत पायाने चालवायचं शिलाई मशीन, मागच्या खोलीत मी. बायको सहा वर्षांपूर्वी गेली. मुलगा लांब असतो, इतका लांब की मी झोपेतून उठतो तेव्हा तो झोपायला निघालेला असतो. मी काही लिहून पाठवलं की तो फोनवर अंगठ्याचं चित्र पाठवतो. एकदा मी पाठवलं, "गुडघा फार सुजलाय." त्यावरही अंगठा आला.

गिऱ्हाईक येतं, कापड टाकतं, माप देतं आणि जातं. मापं घेताना जेवढं बोलणं होईल तेवढंच दिवसाचं बोलणं. त्यामुळे माझी मापं जरा जास्तच वेळ चालतात. एका गृहस्थाने शेवटी वैतागून विचारलं, "मास्तर, पँट शिवायचीय ना? मग कानाचं माप कशाला?"

तर डॉक्टर मला म्हणाले, "मास्तर, गोळ्या मी देईन, पण बरं तुम्हाला व्हायचंय. नुसतं माझ्यासमोर येऊन बसू नका, आता स्वतः काहीतरी करा. बसून बसून गुडघे आखडलेत. वर्षभर असंच चाललं तर खुर्चीतून उठवायला दोन माणसं लागतील."

दोन माणसं! मी आणायची कुठून?

तिथेच ठरवलं. आपण चालायचं. रोज पाच हजार पावलं! नर्सबाईंनी एक काळा पट्टा आणला. मनगट सुजलेलं, म्हणून तो माझ्या उजव्या घोट्यावर बांधला. "हा पावलं मोजतो आणि आपोआप आमच्याकडे कळवतो," त्या म्हणाल्या. "रोज संध्याकाळी साडेपाचला तुम्हाला दवाखान्यातून फोन येईल."

"रोज?" मी विचारलं.

"रोज."

पट्ट्याचं मला काही वाटलं नाही. पण येताना मी जिना जरा भरभर चढलो, हे खरं.

दुसऱ्या दिवशी शिवायला काही नव्हतं. साडेपाचला फोन वाजला. मी सव्वापाचपासून शेजारी बसून होतो, म्हणून मुद्दाम तीन वेळा वाजू दिला.

"नमस्कार काका! दवाखान्याच्या पावलांच्या कक्षातून बोलतेय. आज तुमची दोनशे बारा पावलं झाली."

"झाली ना? म्हटलं होतं मी डॉक्टरांना!"

"काका, पाच हजार करायचीत."

"आज नुसता मुहूर्त केला हो! उद्या बघा."

आवाज छान होता. शिंप्याला सवय असते, मी आवाजावरूनच तिचं माप घेतलं. पंचविशीची, उंच, सडपातळ, खांदे जरा उतरते. माझा अंदाज सहसा चुकत नाही.

उद्या काय करणार होतो कोण जाणे, पण उद्या सभागृहाचे पडदे आले. चाळीस पडदे, आणि सगळ्यांना खालून दुमड! सकाळी आठला मी मशीनवर बसलो तो पाचलाच उठलो. चालायचं साफ राहून गेलं. साडेपाचला फोन वाजला तेव्हा मी घसा साफ करून माफी मागायच्या तयारीत होतो.

"काका!" ती जवळजवळ ओरडलीच. "सहा हजार आठशे चाळीस! वा काका, वा!"

मी पट्ट्याकडे पाहिलं. मग मशीनच्या पायट्याकडे पाहिलं. पायटा खालीवर, घोटा खालीवर. दिवसभर मी बसल्या जागी चालत होतो!

तुम्हाला वाटेल, तेव्हाच सांगून टाकायचं होतं. अहो, मी तोंड उघडलंही होतं! पण "वा" हा शब्द माझ्या घरात सहा वर्षांनी आला होता. बायको म्हणायची, एखादी बाही बिनसुरकुतीची बसली की. मला वाटलं, एक दिवस राहू दे.

"कुठे कुठे गेलात काका?" तिने विचारलं.

आता आली पंचाईत! माझ्या तोंडून एकच जागा निघाली. "तळ्यावर," मी म्हणालो. बायको आणि मी रविवारी तिथे जायचो.

"मग सांगा ना, काय काय पाहिलंत?"

"बदकं पाहिली. सात. एक पांढरं होतं, ते सगळ्यांच्या मागे राहतं. हिरवा बाक आहे, त्याची एक फळी सुटलीय. त्यावर बसलं की आपण खाली आणि शेजारचा वर."

ती हसली. फोनवर सबंध सहा मिनिटं बोलली. त्या रात्री गुडघा दुखला, पण मला त्याच्याकडे लक्ष द्यायला फुरसत नव्हती. उद्या काय सांगायचं ते ठरवत होतो.

मग काय, गाडी सुटलीच! पडदे संपले तशा गाद्यांच्या खोळी आल्या. त्या संपल्यावर मी काम नसतानाही मशीन चालवायला लागलो, रिकाम्या सुईने! आठ हजार. अकरा हजार. एका दिवशी अठरा हजार! खालच्या मजल्यावरच्या किल्लीवाल्याने विचारलं, "मास्तर, एवढं कुणाचं लग्न निघालंय?"

आणि साडेपाचला मी तळ्याचा एकेक कोपरा शिवून द्यायचो. नाव भाड्याने देणारा म्हातारा. त्याचं बोटभर तुटलेलं वल्हं. पाण्यात छत्री पडलेली बाई. एकदा मी स्वतःच नाव वल्हवली असं सांगितलं आणि जोशात बोट सुजलेलं विसरून हात असे फिरवले की फोन खाली पडला!

"लागलं का काका?"

"नाही नाही, किनाऱ्याला टेकलो!"

डॉक्टरांनी माझा फोटो दवाखान्यातल्या फळ्यावर लावला. खाली लिहिलं, "स्वतःच्या प्रयत्नांनी बरे होणारे." मी फोटोखाली उभा राहिलो तर एका आजीबाईंनी मला विचारलं, "हे कोण हो? फार चालतात म्हणे." त्या फोटोखाली मी काठी टेकून उभा होतो, त्यामुळे त्यांना ओळख पटली नाही. गुडघा प्रत्यक्षात तसाच होता, उलट जरा जास्तच करकरत होता. पण अठरा हजारवाल्याने गुडघ्याची तक्रार कुठल्या तोंडाने करायची?

पंचेचाळीसाव्या दिवशी फोनवर तिचा आवाज जरा वेगळा लागला.

"काका, अभिनंदन. तुमचं लक्ष्य सलग सहा आठवडे पूर्ण झालं."

"मग आता सात करू!"

"नाही, म्हणजे... लक्ष्य पूर्ण झालं की फोन बंद होतात. तुमच्या जागी नवीन पेशंट येतो. आता महिन्याला एक पत्रक येईल, ते भरून पाठवायचं."

मी म्हटलं, "असं असं."

"काळजी घ्या काका."

"हो हो. तुम्हीसुद्धा."

एवढंच. दुसऱ्या दिवशी साडेपाचला मी सवयीने फोनपाशी बसलो. पावणेसहा झाले, सहा झाले. फोन बिघडला असेल म्हणून उचलून कानाला लावला. चांगला होता. तिसऱ्या दिवशी मुलाला लिहिलं, "मी बरा झालो." अंगठा आला. चौथ्या दिवशी एक गिऱ्हाईक कोट टाकायला आलं, त्याचं मी पोटरीचं माप घेतलं. पाचव्या दिवशी कुणीच आलं नाही.

माणूस बरा होऊन एवढा एकटा पडतो हे मला कुणी आधी सांगितलं असतं, तर मी आजारी पडतानाच बेताने पडलो असतो!

सहाव्या दिवशी, मंगळवारी, दुपारी तीनच्या सुमाराला मला युक्ती सुचली. पावलं वाढली म्हणून फोन बंद झाला ना? मग पावलं घटली की सुरू! साधा हिशोब. मी घोट्यावरचा पट्टा सोडला आणि बटणांच्या डब्यात टाकला. वर झाकण घट्ट लावलं. आता दाखव म्हटलं पावलं!

बुधवारी दुपारी डोक्यात दुसरी काळजी शिरली. समजा आज साडेपाचला फोन आला, तर ती विचारणार, "आज काय पाहिलंत?" आणि माझ्याकडचा माल तर संपलेला! बदकं झाली, वल्हं झालं, छत्री झाली. पांढऱ्या बदकाला मी पिल्लंसुद्धा करून झाली होती. आता नवीन काही आणायचं तर तळ्यावर खरोखर जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

मी चप्पल घातली, काठी घेतली. फोन घरीच ठेवला, हरवला बिरवला तर साडेपाचला काय करू? दार नुसतं ओढून घेतलं. कुलपाची किल्ली फिरवायला माझ्या बोटांना जमत नाही, त्यामुळे दार गेली दोन वर्षं नुसतं ओढलेलंच असतं. अडीचला निघालो.

काय सांगू तुम्हाला! पहिल्या कोपऱ्यावर गुडघ्याने माझी आईबहीण काढली. दुसऱ्या कोपऱ्यावर मी त्याची काढली. तिसऱ्यानंतर दोघांनाही बोलायला दम उरला नाही आणि मग आम्ही मुकाट्याने चालू लागलो. छापखान्यापाशी बसलो, शाळेपाशी बसलो, पण चाललो! नऊ वर्षांत एवढं चाललो नव्हतो. आणि ही खरीखुरी पावलं मोजायला घोट्यावर पट्टाच नव्हता!

तळ्याच्या वळणावर आलो आणि थांबलो. तळं नव्हतं. तिथे गाड्या होत्या. ओळीने, पांढऱ्या पट्ट्यांत लावलेल्या गाड्या. मी पावती देणाऱ्या माणसाला विचारलं, "इथे तळं होतं ना?"

"कोणत्या जमान्यातलं बोलताय आजोबा? तीन वर्षं झाली बुजवून."

मी कट्ट्यावर बसलो. बायको गेल्यावर मी या वाटेने एकदाही आलो नव्हतो. तळं बुजलं आणि मला कळलंच नाही. जिथे आमचा बाक होता तिथे एक निळी स्कूटर उभी होती, सीट डाव्या बाजूला चार बोटं उसवलेलं. माझं लक्ष उसवलेल्याकडे आधी जातं, त्याला इलाज नाही. आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पंचेचाळीस दिवस मी या गाड्यांवरून नाव वल्हवतोय! गावातल्या कुणालाही हे ठाऊक असणार. तिलाही! मला इतकी लाज वाटली की गुडघा दुखायचा थांबला.

आता घर गाठायचं आणि फोन आला तर सगळं कबूल करायचं. निघालो. पाच वाजून वीस मिनिटांनी आमच्या गल्लीत शिरलो तर दारापुढे ही गर्दी! रुग्णवाहिका उभी. मी मागे उभ्या असलेल्या एकाला विचारलं, "काय झालं हो?"

तो वळलाही नाही. "वरचे टेलर मास्तर गेले."

"कुठे गेले?" मी विचारलं.

"अहो, गेले! कालपासून हालचाल नाही. मशीनचा आवाजसुद्धा नाही."

"फार चालायचे म्हणे," पुढची बाई म्हणाली. "वीस वीस हजार पावलं! चालून चालूनच गेले बिचारे."

"माझा कोट आत आहे," आणखी कुणी म्हणालं. "पोटरीचं मापसुद्धा घेतलंय त्यांनी."

मी काय करायचं? पुढे होऊन सांगावं, तर एवढी माणसं माझ्यासाठी जमायची ही पहिलीच वेळ. कोण काय बोलतंय ते जरा ऐकावंसं वाटलं. मिनिटभर ऐकलं. कोटाच्या पलीकडे कुणी फारसं गेलं नाही.

तेवढ्यात वरून आवाज आला. "काका! काका, दार उघडा हो!"

तो आवाज! मी काठी उचलली आणि जिना चढू लागलो. दोन मजले, मध्ये न थांबता. हे नंतर माझ्या लक्षात आलं.

वर किल्लीवाला माझ्या दाराला भिडला होता. घामाघूम! "चाळीस मिनिटं झाली," तो सांगत होता, "असलं कुलूप जन्मात पाहिलं नाही!" दार उघडंच होतं हो! नुसतं ढकलायचं होतं! त्याने पहिल्याच झटक्यात उघड्या दाराला कुलूप लावलं होतं आणि तेव्हापासून तेच उघडत होता. अखेर खट्कन आवाज झाला, दार उघडलं आणि सगळे आत घुसले. मीही घुसलो. सगळे मला शोधू लागले, म्हणून मीही शोधू लागलो. स्ट्रेचरवाले खाटेखाली वाकले. किल्लीवाल्याने कपाट उघडलं. आणि एक बाई हातातल्या यंत्राकडे बघत थेट बटणांच्या डब्यापाशी गेली. तिने झाकण काढलं, आत हात घातला आणि माझा पट्टा वर काढला.

"पट्टा इथे," ती म्हणाली, "मग काका कुठे?" आणि ती रडायलाच लागली.

मी म्हणालो, "इथे."

जो काही आरडाओरडा झाला तो विचारू नका! एक स्ट्रेचरवाला खाटेवर आपटला. किल्लीवाला कपाटात शिरला. सगळं शांत झाल्यावर लोक हळूहळू खाली गेले, कोटवाला कोट घेऊन गेला, रुग्णवाहिका रिकामी गेली. खोलीत ती राहिली.

मी तिच्याकडे पाहिलं. पंचविशी कुठली, पन्नाशीला टेकली होती! बुटकी, रुंद, खांदे चांगले चौकोनी. एकही माप जुळलं नाही. माझ्याहून फार तर दहा वर्षांनी लहान, आणि मला काका!

"काका काय म्हणता हो मला?" मी म्हटलं.

"नियम आहे आमच्याकडे. पेशंटला काका नाहीतर मावशी." तिने डोळे पुसले. "चोवीस तास एकही पाऊल नाही, तुमचं नाव लाल झालं. अठरा हजारवाला माणूस! पाच वेळा फोन केला. मला वाटलं..." ती मग एकदम चिडली. "पट्टा डब्यात का होता?"

मी पट्टा घोट्यावर बांधला, मशीनवर बसलो आणि पायटा चालवला. तिच्या हातातल्या यंत्रावर आकडे पळू लागले. दहा. चाळीस. नव्वद. ती आकड्यांकडे बघायची, माझ्या पायाकडे बघायची. दीडशेला मी थांबलो.

"सगळीच अशी?" तिने विचारलं.

"दोनशे बारा खरी होती. पहिल्या दिवसाची."

"आणि फोन बंद झाला म्हणून..."

"हो."

ती खुर्चीवर बसली. मी म्हटलं, "तळ्याचंही सगळं खोटं. ते बुजवलंय. आजच पाहून आलो."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून. त्या पार्किंगमध्येच मी रोज माझी निळी स्कूटर लावते."

"मग बोलला का नाहीत?"

"माझ्या कक्षाला खिडकी नाही हो," ती म्हणाली. "भिंतीकडे तोंड करून दिवसभर लोकांना पावलं विचारायची. ते आकडा सांगतात आणि ठेवून देतात. बदकं तुम्ही एकट्यानेच सांगितलीत."

मी चहा केला. दुसरा कप शोधायला जरा वेळ लागला, तो मागच्या बाजूला ढकलला गेला होता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी माझा फोटो फळ्यावरून काढला आणि मला उभं आडवं झापलं. "वर्ष म्हणालो होतो, त्यातले दोन महिने तुम्ही खुर्चीत घालवलेत!" पट्टा पुन्हा शून्यावर आणला. म्हणाले, "मशीनवर बसताना काढायचा, बाहेर पडताना घालायचा!" मी मान खाली घालून ऐकून घेतलं. शून्यावर आणलं म्हणजे फोन सुरू, हे माझ्या आधीच लक्षात आलं होतं.

त्याच दुपारी पट्टा बांधून मी खरोखर निघालो. छापखाना, शाळा, पार्किंग, आणि परत. साडेपाचला फोन वाजला. एकदाच वाजू दिला.

"दोन हजार तीनशे!" ती म्हणाली. मी "वा" ची वाट बघत होतो. मग तिने विचारलं, "काका, खरं सांगा. पट्टा मशीनला तर नाही ना बांधला?"

"अहो, चाललो मी! पार्किंगपर्यंत!"

"कशावरून?"

"तुमची निळी स्कूटर पाहिली. आमच्या बाकाच्या जागी लावलेली असते. सीट डाव्या बाजूने चार बोटं उसवलंय."

पलीकडे ती हसली. मग म्हणाली, "तरीपण माझा काही विश्वास नाही. खात्री होईपर्यंत रोज विचारावं लागेल."

याला आता चार महिने झाले. गुडघा वाकतो. जिना एका दमात चढतो. सीट शिवून दिलं. डॉक्टर खूश आहेत, फक्त एक गोष्ट त्यांना कळत नाही. "मास्तर," परवा ते म्हणाले, "एवढं छान चाललंय, मग तुमचा आकडा रोज चार हजार आठशेवरच का अडतो?"

"गुडघा हो डॉक्टर," मी म्हटलं. "तिथे आला की बसतोच!"

आम्ही कपडा शिवताना आत दोन बोटं कापड दाबून ठेवतो, पुढेमागे लागेल म्हणून. तशी दोनशे पावलं मी राखून ठेवलीत. गल्लीच्या तोंडाशी आलो की आकडा बघतो आणि खालच्या पायरीवर बसून राहतो, साडेपाचला पाच मिनिटं कमी होईपर्यंत. मग पट्टा काढून खिशात टाकतो आणि वर जातो. तुम्हाला सांगितलं ते सांगितलं, तिला मात्र बोलू नका.